बाईला उणे दोन

...या, या, आत या — नाय, त्या खुर्चीवर नको, ती ज्ञानेशची हाय — म्हणजे होती — बसा हो, बसा, आता काय, खुर्ची ती खुर्ची. मी उठत नाय, गैरसमज करून घेऊ नका. आमच्यात दारात कोणी आलं तर उठायची रीत हाय, सायखेड्याचे आमचे मामा तर पार फाटकापर्यंत जायचे सामोरे, पण मी आपला — बसलोय तर बसलोय. तांब्यात पाणी हाय, घ्या हातानं. फाटकावरची पाटी वाचूनच आलात ना? ‘खेळाडू पाहिजेत. रविवारी चार वाजता. भेटा : संतोषभाऊ, तळमजला.’ तळमजला मुद्दाम लिहिलंय. लोक बाहेरच्या जिन्यानं सरळ वर जातात, गच्चीवर, आणि वर गेले की गेलेच. तुम्ही बरोबर दारात आलात. बरं वाटलं. नाय, नाय, तुमचं नंतर, आधी माझं ऐका. नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी सगळे नियम सांगायचे हा माझा दंडक हाय, नायतर मंग मधेच भांडणं.

कधीपासून म्हणता? झाली की तीन वर्षं. माझी पोरगी हर्षाली, तिनं आणला हा खेळ कॉलेजातनं. फासे दिसले तिच्या बॅगेत — मला वाटलं जुगार! म्हणलं, म्हसरूळला घर घेतलं ते पोरीच्या शिक्षणासाठी आणि ही फासे टाकायला लागली. बघू तरी म्हणून बसलो शेजारी, ते रात्री जेवायलाच उठलो. काय खेळ हाय हो! पट नाय, सोंगट्या नाय. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं — कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी चोर — आणि तुम्ही म्हणालात ‘मी भिंतीवरनं उडी मारतो’ तर उडी जमली का फसली हे या फाशानं ठरवायचं. हा बघा, वीस बाजूंचा. जास्त पडला तर जमलं, कमी पडला तर पाय मोडला. गोष्ट सांगणारा तो सूत्रधार. म्हणजे मी. माझ्याशिवाय कोण? दिंडोरीला द्राक्षबाग हाय माझी, चौदा एकर, राक्षस मला शोधावे लागत नाहीत. डावणी नावाचा राक्षस केला मी, अंगावर पांढरी लव, ढगाळ हवा आली की फुगतो, मागं हटतच नाय. बागेत डावणी येते ना पानांवर, तोच रोग, त्याला फक्त हातपाय लावले. ज्ञानेश घाबरायचा खरोखर. ज्ञानेश म्हणजे ओझरला विमानाच्या कारखान्यात हाय तो, शेजारच्याच गल्लीत राहतो, जाड भिंगाचा चष्मा, आणि खेळात घेतलेलं पात्र कोणतं? तर पहिलवान. मी, ज्ञानेश, हर्षाली, आणि आमची प्रतिभा — मंडळी. असे चौघं. दर रविवारी याच टेबलावर.

ऐकलंत? खण्ण! वरनं आला तो आवाज. स्टीलच्या ताटात फासा टाकतात. मुद्दाम. मला ऐकू जावा म्हणून. जाऊ द्या, तुम्ही लक्ष देऊ नका, मी पण देत नाय. दिवसभरात कितीदा टाकला ते सांगू शकतो, पण लक्ष देत नाय.

तर नियम. पात्र तयार करताना चार गोष्टींचे आकडे काढायचे — ताकद, चपळाई, दम आणि अक्कल. आणि माझा एक घरचा नियम हाय, तो आधीच सांगतो म्हणजे नंतर कटकट नको. पात्र बाई असेल तर ताकद उणे दोन. चपळाई अधिक दोन. झालं. यात रागावण्यासारखं काय हाय तुम्हीच सांगा. नाय, आत्ता सांगू नका. मी काय घरात बसून काढलाय का हा नियम? बागेत काढलाय. घडाची विरळणी असते आमच्यात — घडातले जास्तीचे मणी बारक्या कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले टपोरे होतात. त्याला बायाच लागतात. गडी लावून बघा, घडाचं वाटोळं! बायांची बोटं अशी चालतात, तोंडानं सासूच्या गप्पा आणि बोटं आपली मण्यातनं फिरतात. म्हणून चपळाई अधिक. आणि औषधाचा पंप पाठीवर घ्यायचा, खड्डे खणायचे, तिथं गडी. म्हणून ताकद उणे. जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिलं. बायांना मी दिलंय की दोन! कापले तेवढे परत दिले! हर्षाली म्हणे, पप्पा, पुरुषाला उणे काय? म्हणलं पुरुषाला कशाला उणे? पुरुष हा आपला — सरळ. तिथनं मोजायचं. आणि प्रतिभा भाजी निवडत होती इथंच, मान वर न करता म्हणे, अक्कल दोघांची सारखी का हो? म्हणलं सारखी. म्हणे, घरात एकदा बघून मंग सांगा.

आता बघा, हसलात. तिचं बोलणं असंच हाय, कमी बोलते पण गाठ मारून बोलते. आणि पोरगी तिच्या वरची. मला म्हणते, पप्पा, परवा व्यापाऱ्याच्या काट्यावर क्रेट ठेवायच्या आधीच काटा उणे दोन दाखवत होता, तेव्हा तुम्ही केवढा गोंधळ घातला होता? घातला होता. घालणारच! चार गावची माणसं गोळा केली मी. माल चढायच्या आधीच कापतो म्हणजे काय? काटा शून्यावर पाहिजे! मंग ही म्हणते, तेच म्हणतेय मी. आता हे काय बोलणं झालं? काटा वेगळा, बाई वेगळी. मी तिला समजावलं. बराच वेळ समजावलं. ती ‘बरं’ म्हणाली. आमच्या घरात ‘बरं’ म्हणजे बरं नसतं, हे मला उशिरा कळलं.

तरी चाललं होतं हो. तीन वर्षं चाललं. प्रतिभाचं पात्र म्हणजे आक्काबाई नावाची धनगरीण, काठी घेऊन फिरणारी, आणि उणे दोन असूनसुद्धा तिनं दोन वाघ मारले, मी स्वतः टाळ्या वाजवल्या. मंग आला तो रविवार. ऐन तोडणी, बाग सोडून येता येईना, म्हणून म्हणलं बागेतल्या शेडमध्येच खेळू. क्रेट पालथे घातले, टेबल झालं, त्यावर गोणपाट. बाजूलाच चिमणाबाई आणि तिची टोळी भाकरी खायला बसलेली. चिमणाबाई म्हणजे तोडणीच्या बायांची मुकादम, माझ्या वडिलांच्या वेळेपासनं बागेत हाय, मला तोंडावर झापायचा अधिकार दोनच बायांना, त्यातली ती एक. तर गोष्ट अशी रंगली होती! किल्ला, किल्ल्यात विहीर, विहिरीत ज्ञानेशचा पहिलवान पडलेला, पाणी वर चढतंय आणि विहिरीच्या तोंडावर मोठा धोंडा. काठावर एकटी आक्काबाई. प्रतिभा म्हणे, मी धोंडा उचलते. म्हणलं टाक फासा, पंधरा लागेल. बायांनी भाकऱ्या हातात धरल्या. फासा पडला — सोळा! काय आरडाओरडा! ज्ञानेशनं तर मिठी मारली हर्षालीच्या जेवणाच्या डब्याला. आणि मी म्हणलं, उणे दोन. चौदा. धोंडा हलला नाय.

मला सांगा, सूत्रधारानं काय करायचं? नियम म्हणजे नियम. पहिलवान बुडाला. ज्ञानेशचं तीन वर्षांचं पात्र, हो. माझ्या बायकोनं वाचवलं होतं, माझ्या नियमानं मारलं — असं तो म्हणतो, मी नाय म्हणत. चष्मा पुसत बसला. आणि तेवढ्यात चिमणाबाई तिकडनं विचारते, का रे भाऊ, धोंडा किती मोठा व्हता? तिथंच चुकलं माझं — म्हणजे चुकलं नाय, तोंडातनं निघून गेलं. हाताशी जे असतं तेच माप येतं तोंडात. म्हणलं, असेल दोन भरल्या क्रेटएवढा. झालं! त्या सगळ्या बायका अशा हसायला लागल्या, एकीला तर ठसका लागला. चिमणाबाई म्हणे, अगं बया, दोनच? आन त्यासाठी माणूस बुडवला व्हय? सकाळपासनं दोन-दोन क्रेट डोक्यावर घेऊन त्याच बाया बांधावरनं ट्रॉलीपर्यंत जात होत्या, मी स्वतः मोजत उभा होतो. बघत होतो हो, पण ते काम होतं! कामात बघणं वेगळं आणि खेळात बघणं वेगळं. म्हणलं, सवयीचा भाग हाय तो, खरी ताकद म्हणजे अशी — आणि उठलो, दोन भरलेले क्रेट घेतले एकावर एक, वाकलो, आणि —

नाय, काही नाय झालं. उसण भरली. कोणालाही भरते. ओलं होतं खाली.

असं बघू नका कमरेकडं. पट्टा हाय, हवा लागू नये म्हणून बांधलाय. हां, महिना झाला. डॉक्टर म्हणाला मणक्यातली गादी का काहीतरी सरकली, म्हणलं सरकू दे, आपली गादी हाय. तर झालं असं, मी खाली, क्रेट अंगावर, द्राक्षं सगळीकडं. हर्षाली आणि ज्ञानेश एकमेकाला विचारतायत, हलवायचं का नाय हलवायचं, मोबाइलवर बघतायत. प्रतिभानं शेडमधली बाज ओढली, चिमणाबाईला नुसती मान हलवली, आणि चौघींनी — प्रतिभा, चिमणाबाई आणि दोघीजणी — मला उचललं. वजन विचारू नका. नव्वदच्या पुढं हाय एवढं सांगतो. उचललं, बाजेवर घातलं, बाज खांद्यावर. आणि नेताना चिमणाबाई काय म्हणते माहितीय? ‘भाऊ, आधी फासा टाकू का?’ मरणाच्या कळा येतायत आणि मला हसू! हसलं की कळ, कळ आली की शिवी, शिवी दिली की बाज हलते. वेलींचा मांडव आमचा उंच नाय, त्याखालनं वाकून नेलं त्यांनी मला, पार डांबरी रस्त्याला गाडी होती तिथपर्यंत. घड माझ्या नाकाला लागत होते. वर बघत होतो नुसता. आणि ज्ञानेश मागनं येत होता, पहिलवान, माझ्या चपला हातात घेऊन.

एक मात्र सांगतो, कुठं बोलू नका. प्रतिभाचा हात होता बाजेच्या माझ्या डोक्याकडच्या बाजूला. घामानं निथळत होती, पण तिनं एकदाही बाज टेकवली नाय. रस्त्याला गाडीत घातल्यावर पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली — म्हणजे मी घाबरलो होतो, ते तिला दिसलं असणार — म्हणाली, अहो, मी हाय ना. तेवढंच. उणे दोन नाय, काही नाय, एक अक्षर नाय. बोलली असती तर बरं झालं असतं. मी दवाखान्यातनं आलो तर हिचं टेबल गच्चीवर! पत्र्याखाली, वारा बरा येतो म्हणे. सूत्रधार ती. हर्षाली वर, ज्ञानेश वर — त्याला नवा पहिलवान दिलाय — आणि चिमणाबाई! रविवारी दिंडोरीवरनं बसनं येते खेळायला, मला खाली ‘बरं हाय का भाऊ’ विचारते आणि वर जाते. मी खाली. हे टेबल, या चार खुर्च्या. म्हणून तर पाटी लावून घेतली. आज कोणी नाय आलं तर टेबल काढून टाकू म्हणलं होतं, खरंच. तुम्ही आलात.

मला बोलावलं नाय असं नाय. बोलावलं. हर्षाली दर रविवारी येऊन उभी राहते, पप्पा चला, एक खुर्ची ठेवलीय. पण जाणार कसा? जिना हाय — नाय, जिन्याचं काही नाय, जिना मी चढेन — तत्त्वाचा प्रश्न हाय. वर त्यांनी नवीन नियम केलाय. माहितीय काय? पात्र पुरुष असेल तर कंबर उणे चार! आमच्या खेळात कंबर नावाचा आकडाच नव्हता, माझ्यासाठी काढला. आणि चिमणाबाईनं पात्र घेतलंय पुरुषाचं, द्राक्षबागायतदार. नाव संतोष! काही जड आलं समोर की तिचा संतोष आधी फासा टाकतो, खण्ण, आणि आडवा होतो. बाया हसतात. मला इथं ऐकू येतं सगळं. हे वैयक्तिक झालं का नाय? अहो, माझी एकट्याची कंबर गेली, ती क्रेटनं गेली, पुरुष हाय म्हणून गेली का? जगात काय सगळ्या पुरुषांच्या कमरा गेल्या? ज्ञानेशची चांगली हाय, त्याला पण उणे चार! का? तो कोण हाय, त्याला काय येतं, काही विचारायचं नाय, फासा हातात घ्यायच्या आधीच कापून मोकळं व्हायचं? एकाचं बघायचं आणि सगळ्यांना लावायचं? माणसानं सोळा टाकला तरी — सोळा टाकला तरी त्याचे —

...

काय? काय बघताय? मी काही बोललो नाय. पाणी घ्या ना. तुम्ही घेतलंच नाय पाणी.

चौदा. हां. कळलं. कळलंय मला, बोलू नका. आत्ताच कळलं असं पण नाय, बाजेवर होतो तेव्हाच जरा — पण माणूस आडवा असताना कबूल करतो ते काय खरं असतं?

अरे, फासा पडला खाली. नाय, मी घेतो, मी — आँ! हो, हो, नाय वाकत. नाय वाकत म्हणलं ना. तुम्हाला कसं माहीत, गुडघ्यातनं वाकायचं ते? आणि ते पिशवीतनं काय काढताय, रबराचा पट्टा कसला? खेळाला पट्टा नाय लागत. काय? ...कोण? फिजिओथेरपी? तुम्ही? मंग एवढा वेळ बोलला का नाहीत! — मी बोलू दिलं नाय. ते हाय. चार वाजताची वेळ दिली होती? कोणी? प्रतिभानं. मला म्हणली होती दवाखान्यातनं कोणीतरी पाठवतील व्यायामाला, मला वाटलं चांगला दणकट गडी पाठवतील, मला उभं करायचं म्हणजे — म्हणजे तसं नाय हो, तुम्ही पण दणकट — जाऊ द्या. मी आता काही बोलतच नाय.

आधी उभं राहायचं? बरं. असा हात तुमच्या खांद्यावर? ताई, तुम्ही बारीक अंगाच्या, मी सांगितलंय ना वजन, दोघं पण पडू, ज्ञानेशला हाक मारू का वरनं — अरे! अरे बापरे. उभा राहिलो की. कसं केलंत? एका हातानं? नाय, तुम्हाला काही लागलं नाय ना? आई शप्पथ. महिन्यात पहिल्यांदा या खिडकीतनं बाहेरचं दिसलं. आता काय, चालायचं? चालतो. दारापर्यंत. दाराच्या पुढं? जिना? किती पायऱ्या? सगळ्या! हा काय व्यायाम झाला? डॉक्टरनं सांगितलंय का प्रतिभानं सांगितलंय? दोघांनी. बरोबर. गाठ मारून ठेवली असणार तिनं.

हळू. कठडा धरतो. हे बघा, एक लक्षात ठेवा, वर गेल्यावर तुम्हीच सांगायचं — मी आलो नाय, तुम्ही आणलंत. व्यायाम होता. गच्ची लागली म्हणून गच्चीवर आलो. खुर्ची दिसली तर टेकेन, पाठ दुखते म्हणून, बाकी काही नाय. आणि त्यांनी विचारलंच कोणतं पात्र घेणार तर — थांबा, दम खाऊ द्या — तर बाई घेतो म्हणावं. धनगरीण. बहीण आक्काबाईची. जुना नियम लावायचा असेल तर लावा म्हणावं, उणे दोन लावा, मी खेळून दाखवतो. नायतर — असू द्या. शून्यावरनं पण चालेल. शून्यावरनंच बरं. हर्षालीला सांगू नका मी असं म्हणलो.

खण्ण. ऐकलंत? इथनं केवढा मोठा ऐकू येतो. अजून तीन पायऱ्या. धरा, धरलंय ना नीट? सोडू नका. दोन. ...हसणं थांबलं वरचं. फासा पण थांबला. दिसलो वाटतं. अहो, तुम्ही बोला ना आधी. एवढा वेळ मी बोलू दिलं नाय, आता बोला. ताई — ती उठली बघा, प्रतिभा. येतेय. बोला हो काहीतरी, मी काय बोलू —